भ्रूणाच्या जनुकांना हात लावण्याआधी: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जनुकसंपादनावर आलेल्या पत्रांत एक गफलत पुन्हा पुन्हा दिसते, ती आधी दूर करू. आजारी माणसाच्या रक्तातल्या किंवा यकृतातल्या पेशी दुरुस्त करणे ही एक गोष्ट. ती दुरुस्ती त्या माणसापुरतीच राहते. भ्रूण, बीजांड किंवा शुक्राणू यांची जनुके बदलणे ही अगदी वेगळी गोष्ट. तो बदल जन्मणाऱ्या मुलाच्या अंगभर पोचतो आणि पुढे त्याच्या मुलाबाळांतही उतरतो. पहिल्या प्रकाराला खाली देहपेशींचे संपादन म्हटले आहे, दुसऱ्याला भ्रूणसंपादन. पहिल्याला आमचा पाठिंबा आहे, त्यातले धोके माहीत असूनही. दुसरे आज कोणीही करू नये असे आमचे ठाम मत आहे. ते का, हे उत्तरांतून येईलच.

आम्हा दोघांनाही थॅलेसेमिया मायनर आहे. मोठ्या मुलाला मेजर आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. भ्रूणातच जनुक दुरुस्त करून निरोगी मूल होऊ शकते असे वाचले. हे कुठे करून मिळेल? (एक आई)

हे करून देणारे मान्यताप्राप्त केंद्र जगात कुठेही नाही. कोणी तसे सांगत असेल तर तिथून उठून या. पण तुमच्या बाबतीत त्याची गरजही नाही, आणि हे बहुतेक लेखांत सांगायचे राहूनच जाते.

तुम्हा दोघांकडेही हिमोग्लोबिन घडवणाऱ्या बीटा ग्लोबिन जनुकाची एक प्रत चांगली आणि एक बिघडलेली आहे; यालाच मायनर म्हणतात. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की मेजर. प्रत्येक गर्भधारणेत मूल मेजर निघण्याची शक्यता चारात एक, मायनर निघण्याची चारात दोन आणि पूर्ण मोकळे असण्याची चारात एक. आयव्हीएफने आठ भ्रूण तयार झाले, तर सरासरीने त्यांतले सहा मेजरचे नसतील. चांगले भ्रूण हाताशी असताना बिघडलेला भ्रूण कापून दुरुस्त करायला कशाला जायचे? शिवाय संपादन केले तरी तो भ्रूण नीट झाला का हे तपासावे लागणारच. मग नुसत्या तपासणीनेच काम भागते.

तिचा क्रम असा असतो. आधी तुम्हा दोघांचा नेमका बिघाड कोणता, ते डीएनए चाचणीने नक्की करून घ्या. 'एचबी ए-टू वाढलेले आहे' एवढा अहवाल पुरत नाही. मोठ्या मुलाचा नमुनाही द्या, कारण बिघाड आईवडिलांच्या कोणत्या गुणसूत्रावरून आला हे त्याच्याकडूनच सर्वांत नीट कळते. मग प्रयोगशाळा तुमच्या कुटुंबापुरती चाचणी बसवते. त्यात काही आठवडे जातात, म्हणून चाचणी बसल्याचे कळेपर्यंत आयव्हीएफची इंजेक्शने सुरू करू नका. फलनानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून पाच ते दहा पेशी काढतात, भ्रूण गोठवतात आणि निकाल पाहून निरोगी भ्रूण गर्भाशयात सोडतात.

यात एक खाचखळगा आहे. इतक्या थोड्या पेशींतून डीएनए वाढवताना दोन प्रतींपैकी एक कधीकधी उमटतच नाही, आणि मायनर भ्रूण पूर्ण मोकळा किंवा मेजरचा दिसू शकतो. म्हणून प्रयोगशाळेला विचारा: बिघाडाबरोबर त्याच्या आजूबाजूच्या खुणाही तपासता का? उत्तर 'हो' असेल तरच पुढे जा. आणि गर्भ राहिल्यावर १० ते १३ आठवड्यांच्या दरम्यान वारेचा नमुना तपासून खात्री करून घ्या. आयव्हीएफ नको असेल, तर नैसर्गिक गर्भधारणेनंतर हीच वारेची तपासणी करण्याचा मार्गही आहे. मात्र निकाल वाईट आला तर पुढे काय करायचे, याचा विचार दोघांनी आधीच करून ठेवायला हवा.

मोठ्या मुलाला मूळपेशी (ज्यांतून रक्त तयार होते त्या) देऊ शकेल असे भावंड व्हावे, ही इच्छा पुष्कळ पत्रांत असते. मेजर नसण्याची शक्यता चारात तीन आणि ऊतीप्रकार जुळण्याची चारात एक, म्हणजे दोन्ही जमण्याची सोळात तीन. आठ भ्रूणांत असा जेमतेम एखादा सापडेल. न सापडल्यास येणारे मूलही तुम्हाला तितकेच हवे असेल का, हे स्वतःला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

भ्रूणसंपादनाशिवाय स्वतःचे निरोगी मूल होणारच नाही अशी जोडपी असतात, उदाहरणार्थ दोघेही स्वतः मेजर किंवा दोघेही सिकलसेलचे रुग्ण. त्यांची अडचण खरी आहे. पण ती फार थोड्यांची आहे, आणि जाहिराती होतात त्या इतर सगळ्यांना उद्देशून.

'जनुकीय कात्री' हवी तिथेच कापते म्हणतात. मग धोका नेमका कुठे आहे? (जीवशास्त्राची विद्यार्थिनी)

कात्रीच्या उपमेत अर्धीच हकिकत येते. कापते ती कात्री, पण शिवण पेशी घालते, आणि ती आपल्या पद्धतीने घालते.

क्रिस्पर पद्धतीत कॅस-९ नावाचे प्रथिन कापण्याचे काम करते आणि त्याला जागा दाखवायला गाइड आरएनए असतो. या गाइडची २० अक्षरे डीएनएच्या (ए, टी, जी, सी या) सुमारे तीन अब्ज अक्षरांत आपली जोडी शोधतात. जोडीच्या लगेच पुढे 'कोणतेही एक अक्षर, मग जी, मग जी' अशी खूण असावीच लागते, आणि काप त्या खुणेच्या तीन अक्षरे अलीकडे बसतो. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांनी २०१२ मध्ये ही पद्धत मांडली, २०२० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आता बिघडते कुठे? २० पैकी दोन-तीन अक्षरे जुळली नाहीत तरी प्रथिन कधीकधी कापते, विशेषतः न जुळणारी अक्षरे 'जी-जी' खुणेपासून लांबच्या टोकाला असतील तेव्हा. याला ऑफ-टार्गेट काप म्हणतात. सगळी चर्चा यावरच होते. आमच्या मते खरा घोर दुसरीकडे आहे: जागा बरोबर, पण शिवण चुकलेली.

डीएनएचे दोन्ही धागे तुटले की पेशी टोके घाईने जोडते आणि जोडताना काही अक्षरे गळतात किंवा नवी शिरतात. एखादे जनुक बंदच पाडायचे असेल तर याने काम होते. पण चुकलेले अक्षर बदलून बरोबर लिहायचे असेल तर सोबत नमुन्याचा डीएनए द्यावा लागतो, आणि पेशी तो फार क्वचित वापरते. मानवी भ्रूणावरचा पहिला प्रसिद्ध प्रयोग २०१५ चा, चीनमधल्या ग्वांगझूचा. त्यात मूल होऊच शकणार नाही असे सदोष ८६ भ्रूण घेतले होते. त्यांतले ७१ टिकले, ५४ तपासले, २८ मध्ये काप बसला आणि हवे तसे अक्षर लिहिले गेले ते अवघ्या चारांत. तंत्र तेव्हापासून सुधारले आहे, पण शिवण पेशीच्या हातात असते ही गोष्ट बदललेली नाही.

सर्वांत फसवी चूक तपासणीत लपते, ती जवळून पाहा. काप नीट भरून आला का हे बघायला प्रयोगशाळा कापाच्या दोन्ही बाजूंना शे-दोनशे अक्षरांवर प्रायमर नावाचे छोटे तुकडे चिकटवते आणि मधला भाग पीसीआरने वाढवून वाचते. समजा दोन प्रतींपैकी एका प्रतीतून तीन हजार अक्षरे उडाली. मग प्रायमर चिकटायची जागाच त्या प्रतीत उरत नाही. ती प्रत वाढत नाही, वाचली जात नाही. वाचली जाते ती फक्त दुसरी, धडधाकट प्रत. अहवाल येतो: सगळे ठीक. वर थॅलेसेमियाच्या उत्तरात जो खाचखळगा सांगितला, तोच हा, पण इथे त्याची किंमत कितीतरी मोठी आहे. २०१८ मध्ये ब्रिटनच्या सँगर संस्थेतल्या गटाने लांब पल्ल्याच्या वाचनाने, म्हणजे एका दमात हजारो अक्षरे वाचून, दाखवून दिले की हजारो अक्षरे गळणे ही काही अपवादाने होणारी गोष्ट नाही. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने अंधत्व आणणाऱ्या एका जनुकाजवळ मानवी भ्रूणात काप घेतला. सुमारे निम्मे काप जुळलेच नाहीत आणि पेशी विभागताना त्या गुणसूत्राची एक भुजा किंवा दोन्ही भुजा नाहीशा झाल्या. साध्या पीसीआरला हेही 'दुरुस्त झाले' असेच दिसले असते.

डीएनए तुटला की पी-५३ हे राखणदार जनुक जागे होऊन पेशीला थांबवते किंवा मारते. पी-५३ आधीच दुबळे असलेल्या पेशी मात्र हा मार सहन करून टिकतात. म्हणजे संपादन करता करता नकळत कर्करोगाकडे झुकणाऱ्या पेशींची निवड होऊ शकते. ही शंका २०१८ मध्ये दोन गटांनी मांडली आणि तेव्हापासून पी-५३ तपासणे काळजीपूर्वक काम करणाऱ्यांच्या नेहमीच्या यादीत आले.

दोन्ही धागे न तोडता एकच अक्षर बदलणारे बेस एडिटिंग २०१६ मध्ये आले. ते जास्त सौम्य आहे. पण त्याच्या टप्प्यात तेच अक्षर शेजारीही असेल तर तेही बदलते, म्हणून जागा पाहूनच ते वापरता येते.

आता मूळ मुद्दा. रक्ताच्या मूळपेशी शरीराबाहेर संपादित केल्या तर त्या लाखोंनी असतात. त्यांतला नमुना काढून हवा तितका वाचता येतो आणि घाण निघाली तर सगळी बॅच फेकून देता येते. भ्रूण एकच असतो. ज्या पेशीचा डीएनए वाचायचा ती पेशी वाचताना नष्ट होते. शिवाय संपादन एकपेशी अवस्थेत केले तरी कॅस-९ पहिल्या विभागणीनंतरही कापत राहू शकते, मग एका पेशीत एक बदल, दुसरीत वेगळा, तिसरीत काहीच नाही, असा मोझेक तयार होतो. पाचव्या दिवशी काढलेल्या पाच-दहा पेशी बाहेरच्या थराच्या, म्हणजे पुढे वार होणाऱ्या. मूल घडते आतल्या पेशींतून. जे तपासले ते जन्मणार नाही आणि जे जन्मणार ते तपासलेले नाही. या अडचणीवर आज कोणाकडेही उपाय नाही.

चीनमधल्या जुळ्या मुलींच्या प्रकरणात गुन्हा नेमका काय होता? एचआयव्हीपासून वाचवणे वाईट कसे? (निवृत्त शिक्षक)

'हे जियानकुई' नावाच्या शेन्झेनमधल्या संशोधकाने नोव्हेंबर २०१८ मध्ये हाँगकाँगच्या जनुकसंपादन परिषदेच्या तोंडावर जाहीर केले की सीसीआर-५ हे जनुक संपादित केलेल्या जुळ्या मुली जन्मल्या आहेत. एचआयव्ही पेशीत शिरताना बहुधा याच जनुकाचे प्रथिन धरतो. उत्तर युरोपातल्या काही लोकांत या जनुकाची ३२ अक्षरे निसर्गतःच गळलेली असतात आणि दोन्ही प्रती तशा असतील तर माणूस एचआयव्हीच्या नेहमीच्या प्रकारांना जवळजवळ दाद देत नाही. दुसरे दार वापरणारे प्रकार मात्र त्यालाही गाठू शकतात.

पण सर, वाचवायचे होते कोणाला? वडिलांना एचआयव्ही होता, आईला नव्हता. अशा वेळी वीर्य धुऊन शुक्राणू वेगळे केले की संसर्ग टाळता येतो, आणि हे तंत्र तेव्हाही सर्रास वापरात होते. म्हणजे त्या भ्रूणांना आजार नव्हता, आणि आजाराचा जो धोका होता त्यावर साधा उपाय होता.

शिवाय ती ३२ अक्षरांची नैसर्गिक गळ कोणातच साधली नाही. एका मुलीच्या एका प्रतीतून १५ अक्षरे गेली आणि दुसरी प्रत तशीच राहिली, म्हणजे तिला संरक्षण मिळण्याची आशा कागदावरही नव्हती. दुसरीच्या एका प्रतीतून चार अक्षरे गेली, दुसऱ्या प्रतीत एक शिरले. हे बदल प्रत्यक्ष रक्तपेशींत काय करतात हे आधी कोणी तपासलेले नव्हते. आणि हे सारे गर्भाशयात सोडण्यापूर्वीच्या तपासणीत समोर आलेले असतानाही भ्रूण सोडले गेले. आमच्या दृष्टीने सर्वांत गंभीर गोष्ट हीच. जोडप्यांना दिलेल्या संमतीपत्रावर प्रकल्पाचे नाव होते एड्सची लस विकसित करण्याचे. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने त्याला तीन वर्षे कैद आणि ३० लाख युआन दंड ठोठावला, दोन सहकाऱ्यांनाही शिक्षा झाली. तोवर तिसरे मूलही जन्मले होते.

एक दुरुस्ती करणे भाग आहे. 'सीसीआर-५ नसलेली माणसे लवकर मरतात, म्हणून त्या मुलींचे आयुष्य घटले' असे अजूनही लिहिले जाते. ज्या २०१९ च्या अभ्यासावर हे उभे होते तो, मोजणीतल्या चुकीमुळे, संशोधकांनी त्याच वर्षी मागे घेतला. या जनुकाविना वेस्ट नाईल विषाणूचा आजार अधिक तीव्र होऊ शकतो, हे मात्र खरे. त्या मुलींबद्दल भीती पसरवू नये. त्यांना शांतपणे, नाव न फुटता मोठे होऊ देणे हे आपल्या सगळ्यांचे देणे आहे.

माझ्या भावाला सिकलसेल आहे. संपादनाने बरा होईल का? काय काय सोसावे लागेल? (एक बहीण)

सिकलसेलमध्ये बीटा ग्लोबिनचे एकच अक्षर बदललेले असते, ए च्या जागी टी. गंमत अशी की मान्यता मिळालेला पहिला क्रिस्पर उपचार त्या अक्षराला हातच लावत नाही. बाळ पोटात असताना वापरात असलेले हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद पडते, ते बंद करणाऱ्या बीसीएल-११-ए या जनुकाचा रक्तपेशींपुरता खटका तो तोडतो. मग गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते आणि पेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत. 'कॅसजेव्ही' नावाने याला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने, १२ वर्षे आणि त्यावरच्या रुग्णांसाठी, मान्यता दिली. मान्यतेच्या वेळी मोजता आलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग १२ महिने तीव्र वेदनेचा एकही झटका आला नव्हता.

आता सोसणे. प्लेरिक्साफॉर हे औषध देऊन मूळपेशी अस्थिमज्जेतून रक्तात उतरवतात आणि यंत्राने गोळा करतात. मूळपेशी उतरवण्यासाठी एरवी वापरतात ते जी-सीएसएफ सिकलसेलमध्ये टाळतात, कारण त्याने झटका येऊ शकतो. वजनाच्या दर किलोमागे किमान ३० लाख संपादित पेशी लागतात, शिवाय अडीअडचणीसाठी न संपादलेल्या काही राखून ठेवतात. म्हणून गोळा करण्याच्या फेऱ्या एकाहून जास्त होऊ शकतात. पेशी तयार होऊन परत यायला सहा महिन्यांपर्यंत लागू शकतात. मग चार दिवस बुसल्फान हे केमोथेरपीचे औषध देऊन जुनी अस्थिमज्जा रिकामी करतात, नंतर नव्या पेशी शिरेतून सोडतात. त्या रुजेपर्यंत चार ते सहा आठवडे दवाखान्यात राहावे लागते. तोंडात फोड येतात, केस जातात, आणि जंतुसंसर्गाचा धोका सर्वांत मोठा असतो.

ताई, या उपचारातला सर्वांत मोठा त्रास संपादनाचा नाही, बुसल्फानचा आहे. त्याने वंध्यत्व येऊ शकते. भावाचे वीर्य उपचार सुरू होण्याआधीच गोठवून ठेवायला सांगा, नंतर फार उशीर होतो. आणि हे त्याच्या कानावर नक्की घाला: संपादन रक्तापुरते असते, शुक्राणूंत सिकलसेलचे जनुक तसेच राहते. त्याच्या प्रत्येक मुलाकडे एक प्रत जाणारच. लग्नाआधी जोडीदाराची तपासणी उपचारानंतरही तितकीच गरजेची आहे.

अमेरिकेत याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे. ज्या प्रदेशांत सिकलसेलचे रुग्ण सर्वांत जास्त आहेत, तिथे हा आकडा आणि महिनाभराचा मज्जा-विभागातला मुक्काम दोन्ही बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहेत. जनुकसंपादनाच्या नीतीवर बोलताना हा प्रश्न शेवटी, घाईत येतो. तो पहिला यायला हवा.

उंच, हुशार मूल संपादनाने घडवता येईल का? (एक वाचक)

नाही. उंचीचेच घ्या. २०२२ मध्ये ५० लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात उंचीशी संबंध असलेल्या डीएनएच्या १२,१११ जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा कणभर. एका भ्रूणात एक काप धड जुळवता येत नाही, तिथे हजारो जागांचे काय? बुद्धी तर याहून गुंतागुंतीची. शिवाय एकच बदल एकीकडे तारतो आणि दुसरीकडे मारतो: सिकलसेलची एकच प्रत असलेल्या माणसाला तीव्र मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, दोन असतील तर आजार होतो.

इंटरनेटवर क्रिस्परचे किट मिळते. स्वतःवर वापरले तर? (महाविद्यालयीन विद्यार्थी)

करू नका. ही किट जिवाणूंवर प्रयोग शिकण्यासाठी असतात. स्नायूत टोचले तर मूठभर पेशींतही नीट संपादन होत नाही, पण गळू, जंतुदोष आणि जिवाणूंपासूनच्या प्रथिनावर तीव्र प्रतिक्रिया मात्र होऊ शकते. स्वतःला टोचून घेण्यासाठी अशी सामग्री विकणे बेकायदा आहे, हे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच स्पष्ट केले.

पालक मुलांसाठी लस, शाळा, शस्त्रक्रिया सगळे ठरवतातच. मग भ्रूणाची संमती नाही म्हणून एवढा बाऊ का? (एक वकील)

तुमचा आक्षेप रास्त आहे, आणि नुसते 'संमती नाही' म्हणून थांबणे आम्हालाही पटत नाही. जन्माला येण्याची संमती कोणीच दिलेली नसते. फरक दुसरीकडे आहे.

शस्त्रक्रिया करताना समोर आजारी मूल असते. भ्रूणसंपादनात आजारी कोणी नसते. मूल हवे असलेले दोघे असतात, आणि त्यांच्यापुढे बहुतेक वेळा निवडीचा, दात्याचा किंवा दत्तकाचा मार्ग असतो. म्हणून धोका पत्करण्याची सक्ती इथे तशी नाही. लशीच्या मागे हजारो स्वेच्छा सहभागींची चाचणी असते. इथे पहिला सहभागी म्हणजे जन्मणारे मूलच.

प्रयोगातून कोणत्याही क्षणी बाहेर पडता येणे, हा माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीती सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्यातला मूलभूत हक्क आहे. संपादित मूल कशातून बाहेर पडणार? बदल सुरक्षित होता का हे कळण्यासाठी त्याच्या रक्ताची, वाढीची, पुढे त्याच्या मुलांचीही आयुष्यभर नोंद ठेवावी लागेल. अठराव्या वर्षी त्याने 'आता माझे रक्त देणार नाही' म्हटले, तर तो त्याचा हक्कच आहे. मग माहिती तिथेच थांबते आणि पुढचे कुटुंब पुन्हा अंधारात. हा पेच चांगल्या संमतीपत्राने सुटत नाही.

बहिरेपण किंवा ठेंगणेपण घेऊन जगणारी माणसे विचारतात की आम्हालाच 'चूक' ठरवणारी यादी कोण करणार? थॅलेसेमियासारख्या जीवघेण्या आजाराबद्दल फारसे दुमत नाही. पण सीमेवरच्या स्थितींबद्दल निर्णय घेणाऱ्या टेबलावर ही माणसे बसलेली नसतील, तर तो निर्णय मान्य करू नये असे आम्हाला वाटते.

कायदा काय सांगतो? कोणी पळवाट काढली तर? (एक वाचक)

जगाचा मिळून एक कायदा नाही. युरोपातला १९९७ चा ओव्हिएदो करार वंशजांत उतरणारा जनुकबदल घडवण्यास मनाई करतो, पण तो मान्य केलेल्या देशांनाच लागू आहे. ब्रिटन त्यात नाही, मात्र तिथला स्वतःचा कायदा संपादित भ्रूण गर्भाशयात सोडू देत नाही. संशोधनाला परवाना मिळतो (२०१६ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेला मिळाला), पण भ्रूण १४ दिवसांपलीकडे वाढवता येत नाही. अमेरिकेत थेट बंदी नसून, औषध प्रशासनाने असे अर्ज विचारातच घेऊ नयेत ही अट २०१५ च्या अखेरीपासून दरवर्षीच्या खर्चाच्या विधेयकात घातली जाते. ती दरवर्षी नव्याने घालावी लागते, म्हणून तिच्यावर विसंबणे धोक्याचे. चीनने २०२१ पासून हा फौजदारी गुन्हा केला. मे २०२५ मध्ये पेशी आणि जनुकोपचार क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थांनीच दहा वर्षांच्या स्थगितीची हाक दिली.

पळवाट आहे: जिथे कायदा मुका आहे तिथे दवाखाना थाटणे. परवानगी देण्याची चांगली वाट कशी असते हे पाहायचे तर ब्रिटनचा मायटोकॉन्ड्रिया-दानाचा (आईच्या पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या सदोष भागांऐवजी दात्या स्त्रीचे भाग वापरण्याचा) अनुभव बघा. संसदेत २०१५ मध्ये खुली चर्चा झाली, प्रत्येक जोडप्याला स्वतंत्र परवाना लागला, आणि अशा पद्धतीने आठ मुले जन्मल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. दहा वर्षे लागली. लागायलाच हवीत.

देहपेशींच्या संपादनाच्या एका चाचणीसाठी माझे नाव सुचवले आहे. संमतीपत्रात काय पाहू? (एक रुग्ण)

पहिली गोष्ट, चाचणीचा नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि तो सार्वजनिक नोंदवहीत स्वतः शोधा. उपचारासाठी तुमच्याकडून पैसे मागत असतील तर तिथेच थांबा.

संपादन शरीराबाहेर होणार की आत, हे वाचा. बाहेर होणार असेल तर विचारा: माझ्या पेशी परत देण्याआधी लांब पल्ल्याचे वाचन आणि गुणसूत्रांची तपासणी करता का, आणि बॅच नापास झाली तर माझ्या राखून ठेवलेल्या पेशी आहेत का? आत होणार असेल तर संपादनाची सामग्री पेशीत नेणारा वाहक कोणता, विषाणू की चरबीचे सूक्ष्म कण? विषाणूने दिले तर शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते आणि दुसरा डोस बहुधा देता येत नाही. चरबीचे कण वापरले की पुन्हा देता येतो. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात यकृताचा दुर्मीळ आजार असलेल्या एका बाळाला त्याच्यासाठीच बनवलेले बेस एडिटर तीन हप्त्यांत देता आले ते यामुळेच. हे कण मुख्यतः यकृतात जातात, म्हणून यकृताच्या चाचण्या पहिल्या काही आठवड्यांत किती दिवसांनी होणार ते लिहून घ्या. १९९९ मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा तरुण जनुकोपचाराच्या चाचणीत दगावला. विषाणूवाहकाला त्याच्या शरीराने दिलेली प्रतिक्रिया आवरता आली नाही, आणि आधीच्या सहभागींना झालेला त्रास व माकडांचे मृत्यू त्याच्या संमतीपत्रात नव्हते. म्हणून 'आजवर या चाचणीत आणि प्राण्यांत काय काय गंभीर घडले' हे लेखी मागा. तोंडी उत्तरावर सही करू नका.

गर्भनिरोधन किती महिने पाळायचे आणि वीर्य किंवा बीजांडे गोठवण्याचा खर्च कोण करणार, हेही त्यात हवे. 'कधीही माघार घेता येईल' या ओळीचा अर्थ विचारा: पुढच्या तपासण्या तुम्ही थांबवू शकता, झालेले संपादन मागे घेता येत नाही. संपादनाच्या रुग्णांवर १५ वर्षे लक्ष ठेवावे अशी अमेरिकी औषध प्रशासनाची सूचना आहे. त्या १५ वर्षांत कंपनी विकली गेली किंवा बंद पडली, तर तुमच्या तपासण्या कोण करणार आणि तुमच्या नोंदी कोणाकडे राहणार, हे नावासकट लिहिलेले नसेल तर ते लिहून येईपर्यंत सही थांबवून ठेवा.